टिनाचं शेड आणि वरचा माळा, मे महिन्यात थंड कसा ठेवायचा?

अकोलेकर
नमस्कार मंडळी. घर अकोल्यात, जुनं. बाजूला गाडीसाठी बंद शेड आहे, वर टिन, पश्चिमेकडे शटर. घरावर सागवानी पाट्यांचा माळा, त्याच्यावर पण टिनच. एप्रिल लागला की दोन्हीकडे नुसती भट्टी. इन्व्हर्टरची बॅटरी शेडमध्ये आहे, सारखं पाणी घालावं लागतं, ई-स्कूटर पण तिथेच चार्ज होते, आणि माळ्याखालच्या खोलीत रात्री बारापर्यंत झोप लागत नाही. कोणी म्हणतं थर्माकोलची सीलिंग कर, कोणी म्हणतं एक्झॉस्ट बसव, कोणी म्हणतं चुना मार. सगळं एकदम करायला पैसे नाहीत, तर आधी काय करू?

झुणका_भाकर
आधी टिन पांढरं कर भाऊ, बाकी सगळं मागून. दुपारी त्या टिनाले हात लावून पाय, 65-70 डिग्री सहज होते, मंग ते तापलेलं टिन खाली आग ओकते, तिथं पंखा लावून काय होणार, गरम हवाच फिरवन तो. चुना स्वस्त पडते पण तो स्लॅबवर बरा, टिनावर पोपडे निघतात अन् पहिल्या पावसात वाहून जाते. टिनासाठी उन्हाचा पांढरा कोट मिळते, हीट रिफ्लेक्टिव्ह म्हणून माग. गंज असन तर तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर मारल्याशिवाय कोट मारू नको, अन् सकाळी टिन तापायच्या आत काम उरकव. दरवर्षी धूळ बसते, ती धुतली नाही तर पांढऱ्याचा फायदा अर्धा जाते.

सायंशाखा
वरच्याशी सहमत. एक्झॉस्टबद्दल मात्र थोडं सांगतो, कारण लोक इथेच फसतात. नुसता पंखा बसवला आणि हवा आत यायला खालून जागाच नसली तर तो घरातलीच गार हवा फटींतून ओढून बाहेर फेकतो. शटरच्या खालच्या पट्टीत जाळी आणि समोरच्या भिंतीत अगदी वर झरोका, एवढं आधी करा. कारखान्यांच्या छपरावर वाऱ्याने फिरणारा गोल टर्बो व्हेंटिलेटर असतो ना, तो माळ्यावर चालतो, वीज लागत नाही. पण अपेक्षा बेताची ठेवा, बाहेर 45 असेल तर बाहेरची हवा आणून आत 45 च्या खाली जाणार नाही, खरा फायदा रात्री.

आणि बॅटरी तिथून हलवाच हो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा ढोबळ हिशोब असा की 25 च्या वर दर 8-10 डिग्रीला आयुष्य जवळपास निम्मं होतं. घरात पॅसेजमध्ये ठेवा, मात्र बंद कपाटात नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. स्कूटर चालवून आल्या आल्या लावू नका, गार होऊ द्या, पहाटे चार्ज केलेली बरी.

टेक्सासवाली_ताई
आमच्याकडे डॅलसला पण उन्हाळ्यात हेच, अ‍ॅटिकमध्ये पाय ठेववत नाही. इकडची पद्धत अशी की माळ्यावर कोणी राहत नसेल तर माळा गार करायच्या भानगडीत पडत नाहीत, खालची खोली माळ्यापासून तोडतात. म्हणजे पाट्यांवर रॉकवूलचा (दगड वितळवून केलेली, उष्णता अडवणारी लोकर) जाड थर अंथरायचा, हातमोजे-मास्क घालून, आणि फटी बुजवायच्या. छपराच्या आतून चमकदार फॉइल लावतात, पण फॉइलसमोर निदान इंचभर मोकळी हवा पाहिजे, टिनाला चिकटवून वर आणखी काही ठोकलं तर फॉइलचा उपयोग शून्य. इथली बरीच मंडळी गॅरेजच्या पश्चिमेच्या दाराला आतून फोमच्या शीट लावतात, तुमचं गुंडाळणारं शटर असेल तर ते जमणार नाही, त्यापेक्षा बाहेरून सावली करा.

गप्प_बस
थर्माकोल नको. उंदीर पोखरतात आणि पेटलं तर भरकन पेटतं, त्यात खाली गाडी, चार्जिंग. विषय संपला.

अकोलेकर
धन्यवाद सगळ्यांना. मग आधी पांढरा कोट आणि बॅटरी आत, रॉकवूल पुढच्या पगाराला बघतो. सायंकाळी टिनावर पाणी मारलं तर चालेल का? आणि शटरवर ग्रीन नेट टिकते का?

झुणका_भाकर
पाणी मारलं तर घडीभर गार वाटते, मंग पुन्हा तेच, अन् आपल्याकडं मे महिन्यात नळ कवा येते तुले माहीत हाय. नेट बांध, पण शटरपासून हातभर पुढं, मधून हवा खेळली पाह्यजे. सुतळी नको, उन्हानं कुजते, तारेनं बांध. एका बाजूनं सुटायसारखी ठेव, वादळी पाऊस आला तर ते नेट अँगलसकट उपटून नेते.