गारपिटीत झोडपलेली द्राक्षबाग: घड वाचवायचे की वेल?

ओलांडा (निफाड):
काढणी दहा-बारा दिवसांवर, मण्यात साखर १६ ब्रिक्सच्या (साखर मोजायचं माप) वर, व्यापारी बाग बघून दर बोलून गेलेला, आणि गारा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निम्म्या महाराष्ट्रानं हे भोगलं. त्यानंतरही कधी या तालुक्याची पाळी, कधी त्या. आणि दर वेळी गावात एकच सल्ला फिरतो: "जेवढं वाचेल तेवढं वाचवा." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. निम्म्याच्या वर पानं गेली असतील आणि बहुतेक घडांत फुटके मणी असतील, तर पंचनामा उरकला की सगळा माल उतरवा आणि वेलीकडं बघा.

आपल्याकडं वेलीला वर्षात दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी नवी काडी आणायला, ऑक्टोबरची घड घ्यायला. फेब्रुवारीत गारांनी जी काडी सोलली, ती एप्रिलच्या खरड छाटणीत तशीही जाणार आहे. तिच्या जखमा मोजत बसण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीचा घड तयार होतो खरड छाटणीनंतर येणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यात, साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान, आणि त्या वेळी ऊन लख्ख लागतं. फुटका माल एप्रिलभर लोंबवत ठेवला की छाटणी मेमध्ये जाते, डोळ्यात घड धरायच्या वेळेला जूनचं आभाळ भरून येतं, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर घडाच्या जागी बाळ्या (नुसते तणावे) निघतात. म्हणजे गारा पडल्या एकदा, मार खाल्ला दोन हंगाम.

दुसरी गोष्ट पानांची. एक घड नीट पिकवायला काडीवर १२-१५ धड पानं लागतात. ती नसली तर वेल खोडातला आणि मुळांतला साठा ओढून मणी भरत राहते. तोच साठा एप्रिलच्या फुटीला लागणार असतो. कुजणाऱ्या मालासाठी तो का घालवायचा?

बेदाणा_शेड (तासगाव):
दादा, वेलीचं गणित बरोबर, घराचं चुकलं. सोसायटीचं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. खरड छाटणीचे मजूर, शेणखत, औषधाच्या दुकानाची मागची उधारी, हे सगळं कशातून? "वेलीकडं बघा" म्हणायला ज्याचं बिऱ्हाड द्राक्षावर चालत नाही त्याचं काय जातंय.

आणि सगळा माल म्हणजे काय? गारा सरळ कधी पडतात? वारं असतंच. ओळीची वाऱ्याकडची बाजू सोलून निघते आणि मागच्या बाजूला पानाखाली घड जसाच्या तसा असतो. मी स्वतः एकाच वेलीवर दोन तऱ्हा बघितल्यात: पश्चिमेच्या काड्या नुसत्या दांड्या उरलेल्या, पूर्वेच्या अंगाला सोनाका जातीचे लांब मणी लवसुद्धा न पुसलेले. तो पण उतरवायचा?

वाऱ्याकडचं काढा, आडोशाचं ठेवा. चांगला घड गावठी बाजाराला जाऊ द्या, राहिलेला बेदाणा करायला शेडवर आणा.

कात्री (दिंडोरी):
निवडून काढायचा हिशेब कुणीतरी मांडा की. मीच मांडतो. ९ बाय ५ची लागवड, एकरी साडेनऊशेच्या वर वेली. वेलीला ३० घड धरा, झाले जवळपास २९,००० घड. थिनिंगच्या (मणी विरळ करायच्या) कात्रीनं एकेका घडातले फुटके मणी काढायला दोन मिनिटं, आणि ती सुद्धा हात बसलेल्या बाईला. हजाराच्या आसपास तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं १२० मजूर. मजुरीचा दर आपापल्या गावचा लावून बघा. गारपिटीनंतर सगळ्या गावाला एकदमच मजूर लागतात, तेव्हा तो दर कालचा राहत नाही हेही धरा.

बेदाणा_शेड (तासगाव):
@कात्री, २९,००० घड कोण निवडतंय? वाऱ्याकडचे निम्मे तर न निवडताच खाली टाकायचेत. उरलेल्यातले बरेच धड असतात, त्यांना कात्री लागत नाही. तुमचा १२०चा आकडा ३०-४०वर येतो. हिशेब मांडताना नुकसान सगळ्या बागेचं आणि काम पण सगळ्या बागेचं धरलंत. असं केलं तर कुठलीच शेती परवडत नाही.

ओलांडा (निफाड):
धड दिसणारा घड धड असतो का, इथंच माझी खरी हरकत आहे. गार घडाला चाटून गेली तर पहिल्या दिवशी काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मण्यावर पाणचट तपकिरी गोल उमटतो, बोट लावलं की साल सरकते. पिकत आलेला मणी असा मार भरून काढत नाही. ज्वारीएवढा असताना लागलं तर खरवड धरून का होईना जगतो, पाणी उतरलेला (पिकायला लागलेला) मणी फुटतोच. मग रस खालच्या मण्यांवर ओघळतो, चिलटं येतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बागेत शिरलं की आंबूस वास नाकात बसतो. निवडून ठेवलेल्या घडाचा देठाजवळचा एक मणी सुटलेला असतो, तोच बाकीच्यांना घेऊन जातो. व्यापारी पण खुळे नाहीत. गारपिटीनंतर ते मुद्दाम चार दिवस गावात फिरकत नाहीत, ते याचसाठी.

पुण्यातला_वाचक:
शेतीतलं फार कळत नाही, पण एक शंका. तुमच्या नाशिक जिल्ह्यात एवढ्या वाइनरी आहेत. फुटलेली द्राक्षं वाइनला चालत नाहीत का? तशीही चिरडायचीच असतात.

कात्री (दिंडोरी):
नाही चालत साहेब. वाइनच्या जाती वेगळ्या, शिराझ, कॅबरने, सोव्हिन्यो ब्लां वगैरे, आणि त्यांचे करार आधीच झालेले असतात. आमची थॉम्सन खायची द्राक्षं. शिवाय फुटलेल्या मण्यात शिर्क्याचे जंतू आधीच बसलेले असतात. टाकीत घातली तर वाइनऐवजी व्हिनेगर. पण विचारलंत ते बरं केलंत, आमच्या पाहुण्यांत दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

मातीपरीक्षण:
कृषी पदवीधर आहे, सल्ला देणं हाच व्यवसाय. ओलांडा यांच्या मांडणीतला एक दुवा मला पटत नाही. माल उतरवला म्हणजे लगेच खरड छाटणी घेता येते असं वाचणाऱ्याला वाटेल. पानं झडलेल्या, साठा आटलेल्या वेलीवर आठवड्याभरात छाटणी घेतली तर डोळे मागंपुढं फुटतात. एक ओलांडा (खोडातून तारेवर नेलेली आडवी फांदी) हिरवा, शेजारचा उघडा. एरवीही काढणीनंतर १५ दिवस ते महिनाभर विश्रांती देतो ना? गारपिटीच्या बागेला ती जास्तच लागते. बगलफुटी येऊ द्या, नवीन पानांना थोडं काम करू द्या, हलकं पाणी आणि पालाश चालू ठेवा, मग छाटा.

आणि ज्यांना माल ठेवायचा आहे त्यांनी निदान दोन चुका टाळा. बाग हिरवी दिसावी म्हणून युरिया सोडू नका. उरलेले मणी मऊ पडतील आणि न फुटलेलेही तडकतील. दुसरं, घाबरून बुरशीनाशकांचं कॉकटेल मारू नका. काढणीला दहा दिवस उरले असताना बऱ्याच औषधांचा काढणीपूर्व कालावधी (फवारणी ते काढणी ठेवायचं अंतर) त्याहून जास्त असतो. रेसिड्यूचा (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) नमुना फेल गेला तर निर्यातीच्या प्लॉटचं दार त्या हंगामापुरतं बंदच. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारली तर मण्यावर निळे डाग, तो माल मंडईतही हातात धरत नाहीत. बोर्डो पेस्ट खोडाला आणि ओलांड्याच्या जखमांना लावा, घडांना नव्हे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

बेदाणा_शेड (तासगाव):
साहेब, तुमच्या म्हणण्यानुसार छाटणी लगेच नाहीच घ्यायची, महिनाभर थांबायचंच. मग त्या महिन्यात आडोशाचा माल वेलीवर पंधरा दिवस राहिला तर कुठं आभाळ कोसळतंय? ओलांडा यांचा मेमधल्या छाटणीचा बागुलबुवा इथंच संपला.

ओलांडा (निफाड):
संपला कसा? विश्रांती माल उतरल्यावर सुरू होते, माल असताना नाही. घड वेलीवर आहे तोवर वेल कामावर आहे. तुमचे पंधरा दिवस अधिक विश्रांतीचे दिवस, असंच मोजावं लागेल. आणि पंधरा दिवस तरी कशाचे? पानं नाहीत, साखर चढत नाही. १६वर आलेला माल १७वर सरकायला आठवडे घेतो. तुम्ही शेडवाले, तुम्हीच सांगा, १६च्या साखरेचा बेदाणा किती पडतो?

बेदाणा_शेड (तासगाव):
खोटं नाही बोलणार. २२ला चार किलोला एक किलो. १६ला पाच किलोच्या वर लागतात, आणि दाणा चपटा पडतो. फुटका मणी डिपिंगमध्ये (सुकवण्याआधी तेलाच्या पाण्यात बुडवताना) गेला की तेलाचं पाणीच खराब होतं, बाकीचे दाणेही काळवंडतात. म्हणून तर म्हणतोय आडोशाचा. फुटका कुणी शेडवर आणू नका, मीच परत पाठवतो. पण काळा बेदाणासुद्धा फुकट जात नाही, दर कमी मिळतो एवढंच. जमिनीवर कुजणाऱ्या घडाला काय दर?

बांधावरची (पंढरपूर):
तुम्ही सगळे घडावर भांडताय. आमचा मांडवच आडवा झाला होता. वाऱ्यानं अँगल वाकले, तारा एका अंगाला लोळल्या, वेली त्यांच्याखाली. तेव्हा माल ठेवायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. घडांच्या वजनासकट मांडव उचलायला गेलं की ओलांडे खोडापाशी कडाकड मोडतात. आधी घड उतरवून ओझं हलकं केलं, मग माणसं लावून थोडं थोडं उचललं, खाली टेकू दिले. घाई केलेल्या ओळीत जास्त वेली गेल्या, सावकाश उचललेल्या ओळीत कमी.

आणि "पंचनामा उरकला की" हे ओलांडा भाऊंनी एका दमात लिहून टाकलंय. तो कधी उरकतो ते सांगा ना. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं मिळून यायचे, आणि त्यांच्याकडं गावंच्या गावं. मदतीला ३३ टक्के नुकसान दिसावं लागतं. माल आधीच उतरवला तर दाखवायचं काय? फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घेतलं असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, नाहीतर ते पण गेलं. आम्ही फोटो काढले, दोन-तीन ओळी तशाच ठेवल्या, बाकीच्या उतरवल्या. साहेब आल्यावर म्हणाले, "बाकीचा माल कुठाय?" आता काय सांगावं! खाली पडलेल्या घडांच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

सडका माल ओळीतच टाकू नका, हेही सांगते. आमच्या बायकांनी पाट्या भरून बांधाबाहेर नेला आणि खड्ड्यात चुना टाकून पुरला. तोंडाला पदर बांधून. मजुरीच्या हिशेबात हे काम कुणीच धरलेलं नाही वरती.

कात्री (दिंडोरी):
ताई, बरोबर. नाही धरलं.

मातीपरीक्षण:
ओळी राखून ठेवण्याचा उपाय चांगला. फोटोत तारीख आणि ठिकाण उमटेल असं ॲप वापरा, पुढच्या हरकतीला उपयोगी पडतं.

निर्यातवाला:
वाद फेब्रुवारी-मार्चच्या गारांचा चाललाय म्हणून ओलांडा यांचं थोडंफार खरं. पण इथलं वाचून कुणी नोव्हेंबरला तेच करेल. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड-चांदवडकडं गारा झाल्या तेव्हा कुठं फुलोरा, कुठं मणी बाजरी-ज्वारीएवढे. तेव्हा वेलीच्या हातात अजून अडीच-तीन महिने असतात. फाटकी पानं पडली तरी नवीन येतात, अर्धा घड गेला तर उरलेला अर्धा जोमानं भरतो. तेव्हा सगळं उतरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या गारा सगळ्यात वाईट. त्या वेळी बागेत एक घड नसतो म्हणून पंचनाम्याला कुणी फिरकत नाही, पण मोडते ती पुढच्या वर्षीची काडी.

ओलांडा (निफाड):
हे मान्य. माझं सगळं म्हणणं काढणीच्या तोंडावरच्या बागेबद्दलच आहे. आडोशाच्या मालाबद्दल बेदाणा_शेड यांच्याशी एवढीच तडजोड करीन: चार दिवस थांबा, पाचव्या दिवशी ज्या घडाला वास नाही आणि ज्याचा एकही मणी बोटाखाली सरकत नाही, तो ठेवा. बाकी खाली. दहाव्या दिवसानंतर काहीही ठेवू नका.

बेदाणा_शेड (तासगाव):
दहावा दिवस तुमचा. माझा पंधरावा.

नवीन_बाग:
माझी बाग दुसऱ्याच वर्षाची, डॉगरीजच्या खुंटावर थॉम्सनचं कलम. एका बाजूचा ओलांडा खोडापासून उभा चिरलाय, साल एका अंगानं जुळलेली आहे. सुतळीनं आवळून ठेवू का कापून टाकू? खालून एक फुटवा मात्र जोरात आलाय, तोच वर चढवून नवीन ओलांडा करावा म्हणतोय.

मातीपरीक्षण:
साल जुळलेली आहे तर आवळून पेस्ट लावा आणि एप्रिलच्या फुटीपर्यंत वाट बघा. डोळे फुटले नाहीत तर चिरेच्या मागं, ओल्या लाकडात काप घ्या. फुटव्याचं मात्र आधी बघा, तो कलमाच्या जोडाच्या वरून निघालाय की खालून? खालून असेल तर तो डॉगरीजच आहे, द्राक्ष नाही द्यायचा. कितीही जोमात असला तरी बुडातून काढा. वरून असेल तर बांबू लावून सरळ चढवा.

नवीन_बाग:
जोड मातीत गाडला गेलाय, दिसत नाही. उद्या माती उकरून बघतो.