अंग बाहेर येतं, तिसरा टप्पा : गर्भपिशवी काढायची, दोरा लावायचा की रिंग?

रेशीमबागची मुलगी
आई ६३ वर्षांची. उकिडवं बसलं किंवा खोकला आला की अंग लिंबाएवढं बाहेर येतं, आडवं झालं की आत जातं. लघवी पूर्ण होत नाही, कधी बोटाने आत ढकलल्यावरच होते. पाळी बंद होऊन १४ वर्षे झाली. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी पिशवी काढा म्हटलं, दुसऱ्यांनी पिशवी ठेवून वर बांधू, तिसऱ्यांनी योनीत आधाराची रिंग (कडी) बसवून बघा. तिघांच्या बोलण्यात नेमका फरक काय? पुढच्या भेटीत काय विचारायचं?

प्रसूतीतज्ज्ञ_धंतोली
तिन्ही मतं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. विचारायचा मुख्य प्रश्न एकच: "वरचा आधार कशाला बांधणार?"

पिशवी खाली येते ती तिला धरणाऱ्या दोऱ्या सैल झाल्यामुळे. त्यामुळे नुसती पिशवी काढून योनीची पुढची-मागची भिंत शिवली, तर काही वर्षांनी योनीचं वरचं टोकच खाली येऊ शकतं. पिशवी काढा नाहीतर ठेवा, ते टोक कुठेतरी पक्कं बांधावंच लागतं. खालून करायचं तर दोन जागा. एक, पिशवीच्या मागचेच बंध आखडून घेणे. यात मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) ओढली जाऊन मुडपण्याचा धोका असतो, म्हणून टाके घातल्यावर दुर्बिणीने मूत्राशयात बघून दोन्हीकडून लघवी येतेय याची खात्री करतात. दुसरी, कुल्ल्याच्या आतल्या बाजूचा सॅक्रोस्पायनस बंध, बहुतेक वेळा उजवीकडचा. यानंतर काही बायकांना त्या कुल्ल्यात दुखतं, बहुधा काही आठवड्यांत थांबतं. मात्र यात पुढची भिंत, म्हणजे मूत्राशयाची बाजू, पुन्हा सैल होण्याचं प्रमाण जरा जास्त.

पोटातून किंवा दुर्बिणीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला जाळीने बांधणं सगळ्यात टिकाऊ, पण पूर्ण भूल लागते, वेळ जास्त लागतो, आणि जाळी पुढेमागे योनीत उघडी पडू शकते. जाळीचं नाव निघालं की "कुठल्या वाटेने?" हे विचाराच. प्रोलॅप्ससाठी (म्हणजे अंग बाहेर येण्यासाठी) योनीतून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. पोटातून बसवायची जाळी त्यात नव्हती.

शिरोडकर, पुरंदरे ही आपल्या मुंबईची स्लिंगची (पिशवी ठेवून पट्टीने वर बांधायची) ऑपरेशनं मुख्यतः मूल हवं असणाऱ्या तरुण बायकांसाठी. आईंच्या वयात पिशवी ठेवायची तर आधी पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) आणि सोनोग्राफी नीट हवी. पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ठेवू नये.

आणखी एक पर्याय, ज्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही: योनीमार्ग शिवून बंद करणे. ऑपरेशन छोटं, पुन्हा येण्याची शक्यता कमी. पण नंतर संबंध शक्य नाही, आणि पिशवी आत असेल तर पुढे तिची तपासणी अवघड. हे आईंना स्वतः विचारा, वय बघून घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

रेशीमबागची मुलगी
खोकताना लघवी गळत नाही. म्हणजे त्याचं ऑपरेशन लागणार नाही ना?

प्रसूतीतज्ज्ञ_धंतोली
इथेच फसगत होते. अंग बाहेर आल्याने मूत्रनळी (मूत्राशयातून बाहेर येणारी) दुमडलेली असू शकते, म्हणून गळत नाही. आत बसवल्यावर नळी सरळ होते आणि गळती उघड होऊ शकते. मूत्राशय भरलेलं असताना, अंग आत ढकलून खोकायला लावून बघायला सांगा. लघवीनंतर किती उरते तेही सोनोग्राफीत मोजून घ्या, आणि किडनीला सूज नाही ना हे त्याच वेळी बघून घ्या.

फिजिओ_सीताबर्डी
रिंगला कमी लेखू नका. शुगर आटोक्यात येईपर्यंत तीच सोयीची. चांगली बसलीय का हे दवाखान्यातच तपासायचं: रिंग आणि भिंतीमध्ये बोट सहज फिरलं पाहिजे, मग चालून, उकिडवं बसून, जोर करून आणि लघवी करून बघायचं. सुटली तर मोठा आकार, टोचली किंवा लघवी अडली तर लहान. तिसऱ्या टप्प्यात साधी कडी कधी टिकत नाही, मग देठाची गेलहॉर्न नावाची रिंग लागते. साधारण तीन महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे बघतात. इस्ट्रोजन मलम लावायचं का, ते डॉक्टर सांगतील. रिंग विसरून वर्षानुवर्षे तशीच राहिली तर भिंत झिजून भोक पडू शकतं.
व्यायामाने तिसरा टप्पा आत जाणार नाही, पण स्नायू मजबूत होतात: आवळून ६ ते ८ सेकंद धरा, तेवढंच सोडा, असे ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट-कुल्ले आवळू नका.

वॉर्ड_सिस्टर
बाहेर घासून जखम झाली असेल तर ती भरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून आधीच दाखवा. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या वर असेल तरी बरेच सर्जन थांबतात.
ऑपरेशननंतर लघवीची नळी साधारण एक-दोन दिवस. काढल्यावर पाच-सहा तासांत लघवी झाली नाही तर लगेच सांगा. "होईल थोड्या वेळाने" म्हणत बसू नका. सहा आठवडे जड उचलणं, उकिडवं बसणं, संबंध बंद. घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. आणि नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर. भरलेली १५ लिटरची बादली १५ किलो होते, ती आईंना अजिबात उचलू देऊ नका. पाणी कमी पडून संडासला खडा झाला की कुंथताना टाक्यांवर ताण येतो, त्यामुळे संडास मऊ करणारं पातळ औषध आधीच सुरू करतात.
ताप, दुर्गंधीचं पाणी, भरपूर रक्त किंवा पोटरी सुजून दुखणं असेल तर तारखेची वाट न बघता दाखवा.
नागपूरची सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो, डागा किंवा मिहानचं एम्स, कुठेही जा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि हे ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारून घ्या.