मदत हवी आहे: १९५२च्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आजोबांनी कोणता सिनेमा पाहिला?

वहीतलं_पान
माझ्या आजोबांनी १९५२ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात एक इटालियन सिनेमा पाहिला होता. कोणता असेल? त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त घरच्या घरी पुस्तिका काढतोय. शनिवारी पानं छापखान्यात द्यायची आहेत आणि फोटोखालची ही एकच ओळ अडली आहे. शोधलं तर सगळीकडे त्याच त्या चार ओळी सापडतात. प्लीज लवकर सांगा.

पडदाप्रेमी
'बायसिकल थीव्ह्ज'. डोळे झाकून लिहा. त्या महोत्सवानं आपल्याकडच्या सिनेमावाल्यांना हलवलं ते याच सिनेमामुळे. बिमल रॉयनी तो तिथे पाहिला आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला.

काळाघोडा
डोळे झाकून कशाला? इटालियन दिग्दर्शक डी सिकाचेच दोन होते, 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'मिरॅकल इन मिलान'. शिवाय रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी'. वहीत नक्की काय लिहिलंय? तारीख काय? थिएटर कोणतं? इटालियन होता हे कशावरून?

वहीतलं_पान
'इटालियन चित्रपट' असंच लिहिलंय. थिएटरचं नाव नाही. फेब्रुवारीतलं पान आहे. गरिबांच्या वस्तीची गोष्ट, एवढं कळतं.

पडदाप्रेमी
मग प्रश्नच मिटला. मी हा सिनेमा कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिला. शेवटी तो पोरगा बापाचा हात धरतो ना, त्यानंतर दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. तुमच्या आजोबांनी तो वहीत नोंदवावा यात नवल नाही.

निशिगंध७
इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जायचं असेल तर डेलिगेट नोंदणी आधीच करून ठेवा. २००४ पासून तो गोव्यातच भरतो, नोव्हेंबरात पणजीत खोल्या मिळता मिळत नाहीत. आम्ही दर वर्षी पलीकडे पर्वरीला उतरतो, तिथून बरं पडतं.

वहीतलं_पान
ताई, मला कुठेही जायचं नाहीये. १९५२चं विचारतोय.

काळाघोडा
'फेब्रुवारीतलं पान' म्हणजे कितवी तारीख? मुंबईचा महोत्सव २४ जानेवारीला सुरू झाला आणि १ फेब्रुवारीला संपला.

वहीतलं_पान
पहिला आकडा पाण्यानं पुसलाय, नंतरचा ७ आहे. ७, १७ किंवा २७. तारखेचा एवढा कीस कशाला? मला फक्त नाव हवंय.

काळाघोडा
कारण यातली कुठलीही तारीख धरली तरी मुंबईतला महोत्सव तोवर संपलेला होता. तेच चित्रपट पुढे मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्याला नेले होते. 'मुंबईत पाहिला' असं छापलंत तर ते चुकीचं ठरेल. आजोबा त्या महिन्यात मुंबईतच होते का?

वहीतलं_पान
आमचं घर गिरगावात. ते जन्मभर तिथेच राहिले.

पडदाप्रेमी
सिनेमा महोत्सवानंतर साध्या खेळालाही पाहिला असेल की. तारखेवरून एवढा वाद नको.

काळाघोडा
वाद नाही. घरच्या पुस्तिकेत एकदा छापलं की नातवंडं तेच खरं धरतात.

शाहीरवाडा
सगळे इटलीचं बोलताय, आपल्या मराठीचं नाव कुणीच घेत नाही. त्या महोत्सवात शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' होता! सोबत हिंदी 'आवारा', तेलुगू 'पाताळभैरवी' आणि बंगाली 'बाबला'. होनाजी बाळाची गोष्ट, वसंत देसाईंचं संगीत. २३ देशांच्या मांडवात आपला शाहीर उभा होता, हे शाळेत शिकवायला हवं.

पडदाप्रेमी
'अमर भूपाळी' मलाही प्रिय आहे, पण तो इटालियन नाही हो. आणि मांडवात काही शर्यत नव्हती, पहिला महोत्सव स्पर्धेविना होता.

शाहीरवाडा
शर्यतीचं मी कुठे म्हटलं? सुमारे ४० मोठे चित्रपट आणि शंभरेक लघुपट आले, त्यात एक आपला होता, एवढंच म्हणतोय.

ग्रंथपाल_निवृत्त
जुनी वर्तमानपत्रं पाहा. 'लोकसत्ता' १९४८ पासून आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी फोन करून चौकशी करा. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या ग्रंथालयातही विचारा. आणि धागाकर्त्यांना विनंती, वहीतला मजकूर शब्दशः टाका. तुकड्यातुकड्यानं सांगाल तर आम्ही अंदाजच बांधत बसू.

वहीतलं_पान
टाकतो. एक वाक्य मुद्दाम गाळलं होतं, कारण त्यावरून काही कळेल असं वाटलं नाही. मूळ असं आहे:
'सायंकाळी इटालियन चित्रपट. भाषा कळली नाही तरी अडले नाही. गरिबांची वस्ती, जमीन मालकाला हवी. शेवटी सारे झाडूंवर बसून आकाशात गेले. परतताना माउंट रोडवर कॉफी.'
झाडूचं वाक्य मला स्वप्नातलं वाटलं. ते स्वप्नंही लिहून ठेवायचे.

काळाघोडा
स्वप्न नाही! हा 'मिरॅकल इन मिलान'. माळावरची झोपडपट्टी, तिथे तेल लागतं, जमीन हवी म्हणून मालक लोकांना हुसकावतो. शेवटी मिलानच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात सगळे झाडूंवर बसतात आणि उडून जातात.

ग्रंथपाल_निवृत्त
आणि माउंट रोड मद्रासचा. आताचा अण्णा सालै. गिरगावात माउंट रोड कुठला?

पडदाप्रेमी
मान्य, झाडू म्हटल्यावर दुसरा सिनेमा नाही. मी उगाच घाई केली. पण तोही डी सिकाचाच!

वहीतलं_पान
आत्याला आत्ताच फोन केला. तिचा जन्म त्यानंतरचा, पण आजी सांगायची की लग्नाच्या आधी आजोबा ऑफिसच्या कामानं दोन महिने मद्रासला होते. मी हे लहानपणापासून ऐकलंय, पण साल कधी डोक्यात आलंच नाही. म्हणजे फोटोओळ पूर्ण चुकली होती, शहर पण आणि सिनेमा पण. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.
तारीख मात्र अजून हवी आहे. ७, १७ की २७?

ग्रंथपाल_निवृत्त
'द हिंदू' तेव्हा मद्रासहूनच निघायचा. फेब्रुवारी १९५२चे अंक मिळाले तर खेळांच्या जाहिराती पाहा. शनिवारपर्यंत जमलं नाही तर नुसतं 'फेब्रुवारी १९५२, मद्रास' छापा. ते तरी खरं आहे.

शाहीरवाडा
वहीत आणखी मागेपुढे 'भूपाळी'चा उल्लेख आहे का, तेही बघा ना.

वहीतलं_पान
बघतो. पानं एकमेकांना चिकटलीयत, सावकाश सोडवावी लागतील. उद्या फोटो टाकतो.