क्षयाचे उपचार चालू असताना एकटीने नीट जेवायचे कसे?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे वय ५२ असून मी साताऱ्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी राहते. आई तीन वर्षांपूर्वी गेली, भाऊ कुटुंबासह अहमदाबादला असतो आणि मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. खोकला आणि संध्याकाळची कणकण दोन महिने अंगावर काढली, तेव्हा कुठे तपासणी झाली आणि फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. खासगी डॉक्टरांकडे उपचार सुरू होऊन आज पाच आठवडे झाले. ताप गेला आहे, खोकलाही बराच उतरला आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे हे मला कळते. अडले आहे ते जेवणापाशी. आजारापूर्वी माझे वजन ४९ किलो होते, उपचार सुरू झाले त्या दिवशी ते ४१ भरले आणि परवाही ४१च भरले.

रोज सकाळी सात वाजता मी उपाशीपोटी तीन गोळ्या घेते. साडेआठपर्यंत मळमळ इतकी वाढते की शेजारच्या फोडणीचा वास आला तरी खिडकी लावून घ्यावी लागते, आणि ती शमावी म्हणून मी गोळ्यांबरोबरच आम्लपित्तावरचे पातळ औषधही घेऊ लागले आहे. दुपारी थोडी भूक लागते, पण ओट्यापाशी दहा मिनिटे उभे राहिले की पायांतले बळ जाते. मग एकदाच मुगाची खिचडी लावते आणि तीच दोन-तीन दिवस गरम करून खाते. तिसऱ्या दिवशी तर तिचा डबा उघडावासा वाटत नाही. कित्येक रात्री चहा आणि बिस्किटांवर निघाल्या आहेत.

पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी निदान कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवून काम सोडले, आणि त्यांच्या घरात लहान मूल असल्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. डॉक्टरांनी सुरुवातीचे दोन आठवडे इतरांपासून दूर राहायला सांगितले होते, ते मी कसोशीने पाळले. ते दोन आठवडे संपले तरी लोक मात्र परतले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की भिंतीला टेकून वाट देतात. भावाचा फोन रविवारी येतो, आणि मधल्या सहा दिवसांत माझा आवाज मलाही ऐकू येत नाही. आई असताना आम्ही दोघी रात्री आठला ताटे घ्यायचो. आता स्वतःपुरते ताट वाढून घेतले की दोन घासांतच वाटते, कोणासाठी जेवायचे?

प्रथिने खा, पौष्टिक खा, असे डॉक्टर प्रत्येक भेटीत सांगतात आणि ते मला पटतेही. माझ्यासारखीने उभे राहण्याचे बळ नसताना, वास सहन होत नसताना आणि समोर कोणी नसताना ते पोटात कसे घालायचे, हे अनुभव असलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

पायवाट

ताई, २०१९ मध्ये मी यातूनच गेलो आहे. तेव्हा चिंचवडला खोली करून राहत होतो, घरचे सगळे सोलापूरला. तुमचे 'कोणासाठी जेवायचे' हे वाक्य वाचून मला ती खोली आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी मी दोन वेळच्या ताटाचा हट्ट सोडला. भरलेले ताट पाहूनच माझी अन्नावरची वासना जायची. म्हणून मोबाईलवर दर अडीच तासांनी गजर लावला आणि तो वाजला की अर्धी वाटी काहीतरी खायचे, भूक असो वा नसो, असे ठरवले. औषधाची वेळ जशी आपण मनाला विचारून ठरवत नाही, तशीच ही वेळ मानली.

वासाचे म्हणाल तर वास गरम अन्नाला अधिक येतो आणि फोडणीला सर्वांत जास्त. मी जवळजवळ दोन महिने फोडणीच बंद केली. दहीपोहे, मेतकूट आणि तूप घातलेला मऊ भात, ताकात कालवलेले सातूचे पीठ, दुधातले नाचणीचे सत्त्व, उकडलेले रताळे, राजगिऱ्याची वडी, हे सारे कोमट किंवा गार खाता येते आणि यातल्या कशासाठीच ओट्यापाशी फार वेळ उभे राहावे लागत नाही. अंडी खात असाल तर एकदम चार उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवा. शेंगदाण्याचे कूट हा माझा मोठा आधार होता; भात, दही, कोशिंबीर, जे समोर येईल त्यात दोन चमचे घालायचो.

तुम्ही हिशेबाचे काम करता, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी मला घालून दिलेला हिशेबही सांगतो. या आजारात वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने धरतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतील. आकडा ऐकून दडपण येते, पण अर्धा लिटर दुधातून सुमारे १६, दोन अंड्यांतून १२, मूठभर शेंगदाण्यांतून ७, तितक्याच फुटाण्यांतून ६ आणि वाटीभर घट्ट वरणातून ७-८ ग्रॅम मिळतात. उरलेले भात, पोहे आणि भाकरीतून आपोआप येते. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा घट्ट दही वाढवा. यातली निम्मी यादी तर शिजवावीच लागत नाही.

स्वयंपाक करायचाच असेल तर अंगात बळ असते त्या वेळेला करा आणि ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा. माझी बरी वेळ संध्याकाळी पाचची होती. भाजी मी खुर्चीत बसून चिरायचो आणि कुकर लावून सरळ आडवा व्हायचो.

जुनी नोंदवही

मी क्षयरोग कार्यक्रमात बरीच वर्षे पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. वरचा सल्ला उत्तम आहे, मी फक्त औषधांच्या बाजूने लिहिते.

ताई, आम्लपित्ताचे औषध गोळ्यांबरोबर घेऊ नका. त्यातल्या काही घटकांमुळे क्षयाच्या गोळ्या अंगी लागण्यात अडथळा येतो, म्हणून घ्यायचेच असेल तर मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत आणि आधी डॉक्टरांच्या कानावर घालावे. उपाशीपोटी गोळ्या सोसत नसतील तर हलक्या खाण्यानंतर किंवा रात्री झोपण्यापूर्वी घेण्याची मुभा डॉक्टर देऊ शकतात. ती मागून घ्या, मात्र परस्पर वेळ बदलू नका आणि एकही दिवस चुकवू नका. लघवी तांबूस होते ती क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे, तिची भीती नको. परंतु मळमळीबरोबर डोळे पिवळे दिसू लागले, पोटात उजवीकडे दुखू लागले किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण तो यकृताला त्रास झाल्याचा इशारा असू शकतो. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, त्यावर ब-६ जीवनसत्त्वाची साधी गोळी असते. रक्तातली साखर तपासली आहे का? मधुमेह सोबत असेल तर वजन भरून येणे कठीण जाते, आणि आमच्याकडे प्रत्येक रुग्णाची ही तपासणी होत असे.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांना दरमहा १० किलोचा शिधा दिला होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. तुमच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे दोन किलो, म्हणून ४३ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. पुढे वजन ५० च्या वर गेले तर गोळ्यांची संख्या बदलते, तेव्हा ही नोंद डॉक्टरांच्याही उपयोगाची आहे.

एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खासगी उपचार घेणाऱ्यांनाही ते मिळतात, कारण खासगी डॉक्टरांनीही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. या नोंदीचा तुमचा निक्षय क्रमांक डॉक्टरांकडून मागून घ्या आणि नोंद झालीच नसेल तर ती करायला सांगा. १८००-११-६६६६ ही निःशुल्क हेल्पलाइनही आहे.

लोकांच्या भीतीविषयी माझे स्पष्ट मत आहे. औषधे लागू पडत असतील आणि ती नियमित चालू असतील, तर साधारण दोन आठवड्यांनंतर संसर्ग पसरण्याची शक्यता फारच कमी होते, आणि ताटवाटीतून तर हा रोग पसरतच नाही. पूर्वी रुग्णाला गावाबाहेरच्या आरोग्यधामात ठेवत असत, पण मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर दाटीवाटीच्या घरात राहूनही रुग्ण तितकेच बरे होतात. त्याला किती दशके लोटली, तरी जिन्यातली भिंत तुमच्या वाट्याला यावी याचे मला मनापासून दुःख होते. डॉक्टरांकडून 'आता संसर्गाची भीती नाही' अशी चिठ्ठी घ्या. कार्यालयात परतताना तर ती लागेलच, पण काकूंनाही दाखवा.

तुळशीवृंदावन

मी या गोष्टीत भिंतीला टेकून उभी राहणाऱ्यांच्या बाजूची आहे, म्हणून लिहावे की नाही असा विचार दोन दिवस करत होते.

कोल्हापुरात आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक एकटे राहत असत. त्यांना क्षय झाल्याचे कळल्यावर मी नातवाला त्यांच्या अंगणात जाऊ देईनाशी झाले आणि स्वतःही गेले नाही. मला राग नव्हता, किळसही नव्हती, फक्त काय करायला चालते आणि काय चालत नाही हे ठाऊक नव्हते, आणि विचारायची लाज वाटत होती. एके दिवशी गुरुजींनीच फाटकापाशी येऊन सांगितले, 'वहिनी, मला मदत नको, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या घरची एक भाकरी हवी, डबा मी माझा देईन.' इतके नेमके मागणे ऐकले आणि माझी भीती निम्मी झाली. पुढे सहा महिने तो डबा गेला. आधी फाटकावर, नंतर पायरीवर, आणि शेवटी मी तिथेच बसून त्यांचे जेवण होईपर्यंत बोलत असे. आधीचे पाच आठवडे मी का गेले नाही, हा सल मात्र अजून आहे.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे की 'मला कोणी विचारत नाही' असे वाटले तरी काकूंकडे एखादी लहान, नेमकी गोष्ट मागून पाहा. आणि भावाला सांगा की रविवारचा तासभराचा फोन नको, रोज रात्री आठला दहाच मिनिटे हवीत. फोन ताटाशेजारी ठेवायचा, त्यानेही तेव्हाच जेवायला बसायचे. मन फारच खचले तर १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीतून बोलता येते. तिथे बोलण्यात कमीपणा मानू नका.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. तुम्ही सर्वांनी अनोळखी बाईसाठी इतके लिहिलेत, ते मी पुन्हा पुन्हा वाचले आहे.

डॉक्टरांनी गोळ्या रात्री झोपताना घ्यायला परवानगी दिली आणि आम्लपित्ताचे औषध बंद केले; चौथ्या दिवसापासून सकाळ सुसह्य झाली. साखर ठीक आहे. दोन महिन्यांनंतरच्या थुंकी तपासणीत जंतू आढळले नाहीत, त्यामुळे चारपैकी एक औषध आता कमी झाले आहे. नोंद झालेली होती, पण बँक खात्याचा तपशील कोणी भरला नव्हता, तो आता दिला आहे. वजन ४२.४ आहे. ४३ झाले नाही याची रुखरुख वाटते, तरी डॉक्टरांनी पुढचे दोन महिने याच गतीने चालू द्या म्हटले.

पोळ्यांच्या बाई परतल्या नाहीत. काकूंना चिठ्ठी दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही, पण 'बाजारात जाल तेव्हा माझ्यासाठी दूध आणाल का' एवढे विचारले. त्या आठवडाभर पिशवी दाराच्या कडीला अडकवून जात होत्या. गेल्या गुरुवारी त्यांनी बेल वाजवली आणि उंबऱ्यापलीकडे उभ्या राहून, निदान कसे झाले, किती दिवस राहिले, हे सारे विचारून घेतले. काल त्या आत येऊन बसल्या. भाऊ रात्री आठला फोन लावतो. बोलणे फारसे होत नाही, त्याच्या घरची भांडी वाजलेली ऐकू येतात आणि तेवढ्यात माझी वाटी संपते.

आता एक विचारायचे आहे. गजराच्या वेळेसाठी थालीपिठाची भाजणी करून ठेवावी म्हणते, काकू दळून आणून देणार आहेत. त्यात सोयाबीन घालावे का, आणि घातले तर किती?

पायवाट

जरूर घाला, पण किलोभर भाजणीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर उग्र वास येतो आणि तुम्हाला तो सोसणार नाही. सोयाबीन इतर धान्यांपासून वेगळे, मंद आचेवर, साल तडकेपर्यंत खरपूस भाजा; कच्चे राहिले तर पचत नाही. भाजायला वेळ लागतो, म्हणून तेवढे काम काकूंच्या ओट्यावर होते का ते पाहा. थालीपीठ लहान थापा, तळहाताएवढे, आणि वर लोणी घ्या.