अनुभव धागा: सुट्टीतले प्रेमपट, जमलेले आणि फसलेले

इंदूरकर मंडळी, नाताळची सुट्टी लागली की सकाळच्या पोह्यांबरोबरच "आज काय लावायचं?" सुरू होतं. हलकेफुलके प्रेमपट, देशी-परदेशी, कोणतेही चालतील. मात्र नुसतं 'मस्त' नि 'बकवास' नको. कुठे जमलं, कुठे बिघडलं ते लिहा, आणि नावाच्या जागी इंदूरमधल्या आपल्या वस्तीचं नाव टाका. (शेवट फुटण्याची तयारी ठेवूनच वाचा.)

रामबाग
प्रेमपट अडथळ्यावर उभा असतो. एका फोनने मिटणारा गैरसमज दोन तास ताणला की शेवटची विमानतळावरची धावाधाव पोकळ वाटते. बघायचाच तर 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (1940, दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच) बघा. बुडापेस्टमधल्या एका दुकानात दोघं नोकरीला. दिवसभर एकमेकांवर खेकसतात आणि रात्री नावगाव न सांगता एकमेकांनाच पत्रं लिहितात. त्याला मध्यावर कळतं, तिला अगदी शेवटी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी. मधला सगळा वेळ आपण त्याच्या बाजूने गुपित सांभाळत बसतो, म्हणून साधा संवादही रंगतो. शिवाय नोकरी जाण्याची भीती, मालकाच्या घरातलं दुःख खरं आहे; हसू त्यावर उभं राहतं.

'यू हॅव गॉट मेल' (1998) याच कथेवर बेतलेला, पत्रांच्या जागी ई-मेल. इथे नायक पुस्तकांच्या मोठ्या दुकानसाखळीचा मालक आणि त्याच्यामुळे तिचं आईपासून चालत आलेलं छोटं दुकान बंद पडतं. एवढा मोठा हिशेब चित्रपट एका गोड भेटीत मिटवतो. नटमंडळी लाघवी आहेत म्हणून खपून जातं, एवढंच.

सुदामानगर
'लव्ह अॅक्च्युअली' (2003) घरच्यांबरोबर लावणार असाल तर आधी एकट्याने बघून घ्या. त्यात चित्रीकरणाच्या सेटवर उघड्या अंगाने काम करणाऱ्या एका जोडीचं उपकथानक आहे. आजी-आजोबा बाजूला असले की रिमोट सापडत नाही. सव्वादोन तासांत आठ-दहा गोष्टी कोंबल्यात, त्यामुळे बहुतेक जोड्या ओळख होईपर्यंतच संपतात. जमलाय तो अभिनेत्री एमा थॉम्पसनचा प्रसंग: नवऱ्याच्या कोटात दिसलेला हार आपल्यासाठी असेल असं वाटतं, हातात येते गाण्यांची सीडी. ती खोलीत जाऊन डोळे पुसते, पलंगावरची चादर सारखी करते आणि बाहेर येते. मित्राच्याच बायकोसमोर दारात प्रेमाची कबुली लिहिलेल्या पाट्या धरून उभा राहणारा तो मात्र मला अजिबात रोमँटिक वाटत नाही!

स्नेहलतागंज
'चश्मे बद्दूर', सई परांजपे यांचा, 1981 चा. त्याच नावाचा 2013 चा नवा नको. जुन्यात दारोदार साबणाची पूड विकणारी नेहा प्रात्यक्षिक दाखवते, आणि नायक-नायिकेची ओळख त्या बादलीभोवती होते. दोन मित्र तिला पटवल्याच्या थापा मारतात आणि त्याच थापा तिसऱ्या मित्राच्या, म्हणजे नायकाच्या, आड येतात. अडथळा घरातूनच निघालाय. नव्यात गोंगाट वाढला, निवांतपणा गेला.

राजेंद्रनगर
टीव्हीवर डिसेंबरात ओळीने लागणारे नाताळपट ओळखायची खूण: शहरात नोकरी करणारी मुलगी गावी येते, गावात बेकरी किंवा झाडांचं शेत असतं, आणि चुंबन शेवटच्या पाच मिनिटांत. यांतले बरेच उन्हाळ्यात चित्रित होतात. पात्रांच्या तोंडातून वाफ निघत नाही, अंगावर जाड कोट आणि मागे हिरवीगार झाडं दिसतात. एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही.

खोटा बर्फही नीट करता येतो. पूर्वी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946) साठी आग विझवायच्या फेसात साबण-पाणी मिसळून वाऱ्याने उडवलं. तोही उन्हाळ्यातच चित्रित झाला, तरी शंका येत नाही.

लोकमान्यनगर
रामबागेचे काका, अडथळा मोठाच हवा असं नाही, स्वभावातून यावा. 'जब वी मेट' (2007) मध्ये अनोळखी माणसाला परत रेल्वेगाडीत चढवायला नायिका गीत खाली उतरते आणि तिची गाडी सुटते. कारण क्षुल्लक, पण ती दुसरं काही करूच शकली नसती. चित्रपटात आपलं शेजारचं रतलाम आहे म्हणून जास्त गुण देत नाही! शिमल्यात ती गप्प होते तिथे चित्रपटही मंदावतो. तेवढा भाग चहा टाकायला ठेवा.