मदत हवी आहे: गोडो ४ या गेम इंजिनमध्ये मराठी संवाद टाइप होताना जोडाक्षरं तुटतात

मजकूर दाखवायला रिचटेक्स्टलेबल, फाँट नोटो सान्स देवनागरी. व्हिजिबल रेशो (मजकुराचा किती भाग दिसतो ते) ट्वीनने हळूहळू वाढवतो आणि प्रत्येक कॅरेक्टरला एक टिक आवाज.

मूळ सेटिंगमध्ये मजकूर शेपिंगच्या (कॅरेक्टर जोडून अक्षरांचे आकार ठरवण्याच्या) आधी कापला जातो, म्हणून ‘शक्ती’ हे श, शक, शक्, शक्त असं नाचत येतं. शिवाय ओळीच्या टोकाचा शब्द अर्धा उमटून खाली उडी मारतो. व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर ‘आफ्टर शेपिंग’ केल्यावर दोन्ही थांबलं. फाँट बदलून काही फरक नाही, ते सुचवू नका.

उरला आवाज. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये सहा कॅरेक्टर, त्यामुळे सहा टिक. कानाला फार खटकतं.

आता स्वतःच तुकडे पाडायचा विचार आहे: व्यंजनानंतर हलन्त आणि पुढे व्यंजन असेल तर जोडायचं, मात्रा-अनुस्वार मागच्याला, मध्ये झेडडब्ल्यूएनजे (जोडाक्षर होऊ न देणारं अदृश्य कॅरेक्टर) असेल तर तोडायचं. ‘वऱ्हाड’मधला ऱ व्यंजनांच्या यादीत घेतलाय. संवाद सीएसव्ही फाइलीतून येतात, त्यात बीबीकोड (रंग, ठळकपणा वगैरेचे टॅग) आहे, इंजिन पुन्हा कंपाइल करायचं नाही. कोथरूड-कर्वेनगरात कोणी असेल तर बिल्ड प्रत्यक्ष दाखवतो.

या नियमातून मराठीतलं काय निसटेल? की टेक्स्टसर्व्हरचं (गोडोचा मजकूर हाताळणारा भाग) स्ट्रिंग गेट कॅरेक्टर ब्रेक्स हे फंक्शन जोडाक्षरं अखंड ठेवतं, कोणी अँड्रॉइडवर तपासलंय का?