नियोजनातली पहिली इंटर्नशिप कोल्हापुरातच करा, पुण्याची घाई नको

नकाशा_वही (धागाकर्ता):

सिव्हिल, आर्किटेक्चर, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलांनी नगर नियोजनात यायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "पुण्याला जा, इथं काय ठेवलंय?" मला हा सल्ला चुकीचा वाटतो. पहिली इंटर्नशिप, निदान दोन ते चार महिन्यांची, कोल्हापुरातच व्हावी.

१९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. वस्ती मात्र पाचगाव, उचगाव, कळंब्याकडे पसरत गेली. २०१७ ला लगतच्या ४२ गावांसाठी वेगळं नागरी विकास प्राधिकरण आलं. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे महापालिकेची बांधकाम परवानगी, पलीकडे प्राधिकरणाची, आणि गटार ग्रामपंचायतीचं. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर, शिरोलीतल्या फौंड्र्या, आणि पश्चिमेच्या तालुक्यांत पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा वाद. नियोजनातले एवढे प्रश्न एका दुचाकीच्या टप्प्यात क्वचितच सापडतात.

काम मागताना "काहीही द्या, करतो" असा अर्ज नेऊ नका. कॉलेजच्या लेटरहेडवर, नगररचना विभागाच्या प्रमुखांच्या नावे, एका पानात चार गोष्टी लिहा: विषय कोणता, किती आठवडे, कार्यालयाकडून कोणती माहिती लागेल आणि शेवटी कार्यालयाला काय मिळेल. चौथी गोष्ट बहुतेक अर्जांत नसते आणि अर्ज तिथंच पडून राहतो. आवक शिक्का घ्या, पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन पुन्हा जा.

विषय लहान ठेवा. उदाहरणार्थ, राजारामपुरीतल्या दोन गल्ल्यांचा विद्यमान जमीन वापर. सिटी सर्व्हेचा नकाशा आधार धरायचा, दोघांची जोडी करायची, एकानं नकाशावर खूण करायची, दुसऱ्यानं तक्ता भरायचा. वापर मजलावार लिहायचा. खाली दुकान आणि वर घर असताना फक्त तळमजला नोंदला, तर अख्खी गल्ली नकाशावर व्यापारी दिसते. मग लोकसंख्या कमी धरली जाते आणि शाळा, बागेची गरजही कमी निघते. ही एक चूक समजली तरी विद्यमान जमीन वापर नकाशाला कायद्यात वेगळं कलम का आहे ते कळतं (एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम २५).


मापदंड:

पूर्ण असहमत. शहरात प्रश्न भरपूर असले म्हणून शिकायला मिळतंच असं नाही. काढलेला नकाशा तपासून तांबड्या पेनानं चुका दाखवणारा माणूस लागतो. महापालिकेच्या नगररचना विभागात झोन दाखले, भाग नकाशे, रेखांकनं, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्रं यांतून कुणाला डोकं वर काढायला सवड नसते. इंटर्न बसतो स्कॅनिंगला आणि रजिस्टरला, आणि दोन महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन घरी जातो.

नियोजनाचं तांत्रिक काम आज जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीवर चालतं. केंद्राच्या अमृत योजनेतल्या शहरांच्या विकास योजनांसाठी (शहराच्या जमीन वापराचे आराखडे) १:४००० प्रमाणाचा भू-डेटाबेस ठरलेला आहे. त्यात थरांची नावं, गुणधर्म तक्ते, कडा जुळवणं, तपासणी याला शिस्त असते. ही शिस्त विकास योजना तयार करणाऱ्या सल्लागार कंपनीत किंवा संस्थेतच अंगवळणी पडते, आणि अशा संस्था पुण्या-मुंबईत आहेत. नगररचना संचालनालयही पुण्यातच.

तिथं घेतात ते कामाचा नमुना बघून. आठ-दहा पानांची पीडीएफ, आकार ५ एमबीच्या आत. त्यात एकाच भागाचे तीन नकाशे: जमीन वापर, चढ-उतार आणि नाले, रस्त्यांची रुंदी. नकाशावर प्रमाण, उत्तर दिशा, सूची आणि माहितीचा स्रोत हवाच. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सबब चालणार नाही. कोल्हापूरच्या मुलांच्या नकाशांत हमखास दिसणारी चूक म्हणजे अक्षांश-रेखांशातल्या थरावरच क्षेत्रफळ काढणं. उत्तर चौरस अंशांत येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम निर्देशांक पद्धतीत आपला भाग ४३ उत्तर पट्ट्यात येतो, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. आधी थर त्यात बदला, मग मोजा.


गटनंबर:

मापदंड, तुमचं तंत्राचं म्हणणं बरोबर, पण तंत्र कशावर चालवायचं? पुण्याच्या कार्यालयात बसून गट नंबर म्हणजे बहुभुज एवढंच दिसतं. सातबारा, फेरफार, मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), आखीव पत्रिका (शहरी जागेचा मालकी उतारा) ही कागदं वाचता न येणारा नियोजक कितीही सुंदर नकाशा काढो, हरकतींच्या सुनावणीत उघडा पडतो.

एक स्वाध्याय सुचवतो, कुणाच्याही परवानगीशिवाय होणारा. मंजूर विकास योजनेतलं एक आरक्षण, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा निवडा, बाग किंवा खेळाचं मैदान. सिटी सर्व्हे नंबर काढा, आखीव पत्रिका मिळवा, जागेवर आज काय आहे ते बघा. मग एमआरटीपीचं कलम १२७ लावून बघा. योजना अंमलात येऊन १० वर्षं झाली, मालकानं खरेदी नोटीस दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. या चौकटीत तुमचं आरक्षण कुठं बसतं ते चार पानांत लिहा. न मिळालेली कागदं माहिती अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. "आरक्षणाची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. "अमुक क्रमांकाच्या आरक्षणाबाबत कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांच्या प्रती" असं नेमकं लिहा.

ही चार पानं पुण्यातल्या मुलाखतीतही चालतात. उलटं होत नाही.


नमुना_बाटली:

सगळी चर्चा नगररचनेवरच चाललीय. विषयात पर्यावरणही आहे आणि त्या बाजूची वाट वेगळी आहे.

पर्यावरणशास्त्राच्या मुलांसाठी कोल्हापुरात काम नाही हे म्हणणं मला मान्य नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या कारखान्यांना, साखर कारखान्यांना आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसना (कापड रंगवणारे, धुणारे कारखाने) प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं लागतात आणि त्यांची वार्षिक विवरणं सल्लागार भरतात. तारखा लक्षात ठेवा: घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत, आणि पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पांचे सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला. सल्लागाराला मदतनीस हवा असतो तो या तारखांच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत. फॉर्म ५ च्या कामासाठी ऑक्टोबरात अर्ज टाकून "उत्तरच येत नाही" म्हणण्यापेक्षा जुलै-ऑगस्टात टाका.

प्रयोगशाळेत गेलात तर फक्त यंत्रापुढे उभे राहू नका, नमुना घ्यायला सोबत जा. पंचगंगेच्या किंवा जयंती नाल्याच्या पाण्याचा विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) नमुना थंड पेटीत, ४ अंशाच्या आसपास आणायचा, आणि आपल्याकडची चाचणी २७ अंशाला ३ दिवसांची आहे. परदेशी पुस्तकातल्या २० अंश, ५ दिवसांच्या आकड्याशी तुलना केली की अहवाल तिथंच चुकला.

हवेचंही तेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. आठवड्यातून दोनदा, २४ तासांचा नमुना हे मोजमाप कसं चालतं, फिल्टर आधी-नंतर सुकवून का तोलतात, हे इथं शिकता येतं.


मापदंड:

नमुना_बाटली, हे काम आहे, नियोजन नाही. फॉर्म भरणारा आणि नमुना आणणारा माणूस दहा वर्षांनीही तेच करताना दिसतो. पर्यावरण नियोजन म्हणजे कुठं काय होऊ द्यायचं हे ठरवणं. त्यासाठी प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारे आघात मूल्यांकनाचे अहवाल लिहिणाऱ्या, नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेत जायला हवं, म्हणजे जमीन वापर, जलविज्ञान, परिसंस्था अशा एखाद्या कार्यक्षेत्रात आधी सहयोगी आणि पुढे तज्ज्ञ म्हणून नाव लागतं. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी लागते. ती प्रकरणं पुण्यात रोजची आहेत.


नमुना_बाटली:

नमुना कसा घेतला हे माहीत नसलेला माणूस अहवालातला आकडा संशयानं वाचू शकत नाही. आणि अहवाल वाचायला पुण्याला जावं लागत नाही. पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर ते सगळ्यांना खुले आहेत. एक घ्या, फक्त पाण्याचं आणि जमीन वापराचं प्रकरण वाचा, आणि नकाशातली नमुना-ठिकाणं प्रकल्पाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, दोन्हीकडे आहेत का ते तपासा. खालच्या बाजूचं ठिकाण गायब असेल तर परिणाम मोजलाच गेलेला नाही.


शाहूपुरी_३:

इंटर्नशिप कुठं यावर भांडण्याआधी अर्हता बघा, नाहीतर दोन वर्षं वाया जातात. नगररचना विभागातल्या रचना सहायक पदाला स्थापत्य किंवा वास्तुशास्त्रासारखी तांत्रिक पदविका लागते. सहायक नगर रचनाकार हे एमपीएससीकडून भरलं जातं, तिथं स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगर नियोजनाची पदवी लागते. पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. कितीही चांगली असली तरी या पदांच्या दारात चालत नाही. त्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाची वैज्ञानिक पदं आणि खासगी क्षेत्र बघावं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी एम.प्लॅन. (नियोजनातली पदव्युत्तर पदवी) हा मुख्य रस्ता. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), पुण्याची सीओईपी, अहमदाबादची सेप्ट. दिल्लीत पर्यावरण नियोजन हा वेगळा विशेष विषय आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या पदव्युत्तर मुलांनाही अनेक ठिकाणी प्रवेश आहे, पण संस्थेची पुस्तिका आधी वाचा. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर दिलात तर दुसऱ्या भागात नियोजनाचे प्रश्न निवडता येतात. गेटचे गुण ३ वर्षं चालतात. पात्र विद्यार्थ्याला एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पैशाच्या अडचणीत असलेल्यांनी तरी गेट सोडू नये. बारावीनंतर थेट येणाऱ्यांसाठी बी.प्लॅन. ही पदवी, तिच्या प्रवेशासाठी जेईई मेनचा पेपर २बी.


उपनगर_आर:

पैशाचं कुणी बोललं नाही. पुण्यात खोली, मेस धरून बिनपगारी तीन महिने काढायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पोरांना या क्षेत्राबाहेर ठेवणं. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.


मापदंड:

बिनपगारी काम मी कधीच सुचवणार नाही. जी कंपनी इंटर्नकडून बिलाचं काम करून घेते तिनं मानधन दिलंच पाहिजे, आणि रुजू होण्याआधी ते लेखी घ्यावं. आकडा "नंतर बघू" म्हटला तर तिथं जाऊ नका.


नकाशा_वही:

उपनगर_आर, इथंच कोल्हापूरचं पारडं जड होतं, घरी राहून काम करता येतं. मानधनाचे दोन मार्ग तपासा. पहिला, २०२४ ला सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. सुरू झाली तेव्हाचं विद्यावेतन बारावी ६,०००, आयटीआय किंवा पदविका ८,०००, पदवीधर १०,००० रुपये महिना. सरकारी कार्यालयंही त्यात जागा देतात, पण शिक्षण चालू असताना चालत नाही. दुसरा, ट्यूलिप पोर्टल, नागरी स्थानिक संस्थांमधल्या इंटर्नशिपसाठी. अंतिम निकालापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि अनेकांची मुदत हे कळेपर्यंत निघून जाते. जागा शहरागणिक कमी-जास्त असतात. कोल्हापूर केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतल्या शंभर शहरांत नव्हतं, त्यामुळे इथं कमी दिसल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका.

मापदंड यांचा एक मुद्दा मान्य करतो. नकाशा तपासणारं कुणी नसेल तर दोन महिन्यांचं काम कच्चंच राहतं. म्हणून अर्जातच कॉलेजचे एक मार्गदर्शक नमूद करा आणि दर शनिवारी त्यांच्याकडून तपासून घ्या. पहिला मुक्काम पुणे, यावर मात्र माझा विरोध कायम आहे.


मापदंड:

बरं, मग पूररेषेचं उदाहरण घेऊ, कारण कोल्हापुरातला प्रत्येक इंटर्न हाच विषय निवडतो आणि बहुतेक जण तो बिघडवतात. फुकट मिळणारी ३० मीटरची उंची-माहिती उतरवतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी टाकतात आणि शाहूपुरीवर निळा रंग ओततात. बंधाऱ्यावरचे फूट तिथल्या शून्यापासून मोजलेले असतात, समुद्रसपाटीपासून नाही. शिवाय त्या माहितीत उभी चूक काही मीटरची असते, तर बांधकाम नियमावलीत ०.४५ मीटरवर निर्णय फिरतो. हे सांगणारं कोण आहे इथं?


गटनंबर:

हेच तर इथं करून शिकायचं. पूररेषा दोन असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपटीशी बांधलेली, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराशी. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित, आणि तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर. ही पातळी नदीच्या उतारानुसार ठिकाणागणिक बदलते, म्हणून एकच आकडा शहरभर ओढता येत नाही.

इंटर्ननं रेषा आखायला जाऊच नये, ते पाटबंधारे खात्याचं काम. इंटर्ननं एवढंच करावं: सुतारवाडा किंवा दुधाळीचा एक पट्टा घ्यायचा, सिव्हिलच्या मुलांना सोबत घेऊन ऑटो लेव्हल या उंची मोजायच्या यंत्रानं, ज्ञात उंचीच्या बेंचमार्कपासून, वीस-पंचवीस जोत्यांची पातळी काढायची. सुरुवात केली त्याच बेंचमार्कवर परत येऊन बंद करायचं. चूक १२√के मिलिमीटरच्या आत हवी, के म्हणजे किलोमीटरमधलं अंतर. जास्त आली तर पूर्ण फेरी पुन्हा. मग प्रत्येक घराच्या भिंतीवरची २०१९ आणि २०२१ ची पाण्याची खूण घरमालकाला विचारून त्याच लेव्हलवर नोंदवायची, आणि दोन शेजारी घरांच्या खुणांत अर्ध्या फुटाहून जास्त फरक आला तर तिसऱ्या घराची घ्यायची.


मापदंड:

असा तक्ता घेऊन कुणी पुण्याला आलं तर मी त्याला पहिल्या दिवशी स्कॅनिंगला बसवणार नाही. पण आकडे यूटीएममध्येच आणा, आणि बेंचमार्क कोणाचा, त्याची उंची किती, हे तक्त्याच्या पहिल्याच ओळीत लिहा.